नाकेदार रजा काऊन घेत नाई

माणूस हक्काची रजा घेत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं माझं त्या काळात पक्कं मत होतं. मी धानोऱ्याच्या अलीकडे एका जंगल रेंजच्या कचेरीत बाबू होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं, आणि मोठे कागद नागपूरहून येत, कारण आम्ही अजून जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि त्याची राजधानी नागपूर होती. रजेचं रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. कोणाची किती रजा जमली, कोणी किती घेतली, कोणाची बुडाली, सगळं माझ्या अक्षरात. असं एखादं रजिस्टर दोन-तीन वर्षं हातात राहिलं की बाबूला वाटायला लागतं, आपल्याला माणसांच्या पोटातलं कळतं. मला तर फारच वाटत होतं.

रजा घेणारे लोक मला कळायचे. आमचा चपराशी दरवर्षी मोहफुलाच्या हंगामात आजारी पडायचा. फुलं गळायला लागली की दुखणं लागायचं, फुलं संपली की उतरायचं, आणि बरा होऊन आला की अंगाला मोहाचा वास यायचा. एका फारेस्टरनं तीन वर्षांत दोनदा सासू मारली. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, "भाऊ, ह्या बाई मागच्या पोळ्याले वारल्या होत्या ना?" तर गडी म्हणतो, "ते चुलत होती." असल्या थापांचा मला कधी राग आला नाही. थाप मारून का होईना, माणूस घरी जातो, त्यात काय लपवायचं?

मला राग यायचा तो त्या नाकेदाराचा.

नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. जंगलाचा एक तुकडा त्याच्या नावे असायचा, नाक्यावर एक कौलारू चौकी राहायला, आणि सरकारी छापाचा एक हातोडा. ज्या झाडावर किंवा खुंटावर त्या हातोड्याचा छाप, ते कायदेशीर तुटलेलं. ज्यावर छाप नाही, ते चोरीचं. रजेवर जायचं तर हा हातोडा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागे, आणि तो दुसरा ते जंगल पायाखाली घाली. आता सांगा, ज्यानं सागवान विकून खाल्लंय तो रजा घेईल का? माझा हिशेब एवढा सरळ होता.

हा नाकेदार गोंड होता, पस्तिशीचा, काटक, अंगावरची खाकी नेहमी धुतलेली. आमच्या कचेरीपासून सात-आठ मैलांवर त्याची चौकी, तिथे एकटाच राहायचा. नोकरीला चौथं वर्ष सुरू होतं आणि पठ्ठ्यानं एक दिवस हक्काची रजा घेतली नव्हती. पण दर दोन-तीन महिन्यांनी यायचा, वहाणा पायरीखाली काढायचा, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा आणि एकच विचारायचा.

"बाबू, माह्या रजा किती झाल्या जी?"

मी रजिस्टर काढून आकडा सांगायचो. तो ओठांतल्या ओठांत काही मोजायचा आणि वाटेला लागायचा. रजा मागायचा नाही.

एकदा मी चिडलोच. "अरे, एखादी घे ना मग! साठवून लोणचं घालतो का रजेचं?"

"लागन तवा घेईन जी."

"कधी लागन?"

"लागन," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला. मग हळूच विचारतो, "एका खेपेले चार महिने भेटते का जी?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चार महिने! म्हणजे याला एकदाच निसटायचंय. माल कुठंतरी दडवलेला असणार, तो काढायचा, विकायचा आणि नदीपार व्हायचं. मी तोंडावर काही दाखवलं नाही. भेटते म्हटलं, आणि तेवढं म्हणाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं त्यानं माझा संशय आणखीच घट्ट झाला.

इथे माझंही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही विचाराल. रजा माझीही साठलेली होती, चांगली चार महिन्यांची. बायको चांद्याला माझ्या आईजवळ होती, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि तिच्या प्रत्येक कार्डात शेवटची ओळ तीच असायची, कधी येता. पण मी गेलो की माझ्या खुर्चीवर बदली बाबू येणार, माझी कपाटं उचकणार, आणि साहेबाच्या कानाला लागणार. म्हणून मी जात नव्हतो. माझं कारण मला योग्यच वाटायचं. दुसऱ्याचं न जाणं तेवढं मला चोरीचं दिसायचं, आणि या दोहोंत मला काही विसंगत वाटलं नाही, हे लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते.

चैत्र संपता संपता मी ही गोष्ट रेंजर साहेबांच्या कानावर घातली. साहेब नागपूरकडचे, नवे, काहीतरी पकडून दाखवायला उतावीळ. त्यांनी टेबलावर हात आपटला. "बाबू, बरोब्बर आहे तुमचं. आपण त्याला न मागता रजा देऊ. वीस दिवस हाकला बाहेर, आन मग पाहू जंगल."

वैशाखात त्याला बोलावलं. वणव्याचे दिवस. या दिवसांत कोणाचा बाप मेला तरी नाकेदाराला रजा मिळत नसे, आणि याच्यासमोर मी रजेचा अर्ज लिहून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. साहेब गोड बोलले. "चार वर्षं राबला तू, आता जरा आराम कर. वीस दिवस."

त्याचा चेहरा असा उतरला की जणू घर जळाल्याची खबर सांगितली. "साहेब, माही रजा तोडू नका जी," तो म्हणाला. "मले आराम नाई पायजे."

"सरकार देऊन राह्यलं, तू नाई म्हणतो?"

"मंग बिनपगारी धाडा जी. पगार कापा. रजा नका कापू."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. पगार सोडतो पण रजा सोडत नाही! आणखी काय पुरावा पाहिजे? साहेबांचा आवाज चढला, आणि त्यानं सही केली. शाळेत दोन वर्षं गेलेल्या माणसाची मोठी मोठी अक्षरं. हातोडा टेबलावर ठेवला, दोन्ही हात जोडले आणि गेला. रजिस्टरात त्याच्या नावापुढे एकशेचौदा दिवस होते. मी वीस वजा करून चौऱ्याण्णव लिहिले. अक्षर छान आलं होतं, ते मला अजून आठवतं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि बदलीचा नाकेदार त्याच्या चौकीवर गेलो. बदलीवाला जुना, खोकणारा माणूस, त्याला या भानगडीत मुळीच रस नव्हता. चौकीत काय असणार? एक खाट, दोन गाडगी, भिंतीला टांगलेली खाकी, कोपऱ्यात कुऱ्हाड. आणि दाराच्या मागे, खुंटीला, पळसाच्या मुळीची वळलेली एक लांब दोरी. तिला गाठीच गाठी.

मी ती उतरवली आणि खाटेवर बसून मोजायला लागलो. एकशेचौदा गाठी.

पुन्हा मोजल्या, तेवढ्याच भरल्या हो! खरंच सांगतो. एक गाठ, एक नग. एकशेचौदा सागाचे नग याने बाहेर काढले, आणि अडाणी माणूस, सहीपलीकडे लिहिता येत नाही म्हणून दोरीला बांधून ठेवले. मी बदलीवाल्याला म्हटलं, "पाहा, सापडला." त्यानं दोरी पाहिली, खोकला, आणि म्हणाला, "हे लोक दिवस मोजतेत अशानं. लग्नाले किती दिवस राह्यले, ते गाठी मारून धाडतेत सोयऱ्याकडे." मी म्हटलं, "चार महिने दूर कोणाचं लग्न असतं? गप राहा."

आम्ही आठ दिवस जंगल तुडवलं. वैशाखाचं ऊन, पानं सगळी खाली, पायाखाली चर्र चर्र वाजायची. एकेक खुंट पाहिला. प्रत्येकावर छाप होता, स्पष्ट, सरळ मारलेला. मी नदीचं पात्र पाहिलं, दोन गावच्या लोकांना दरडावलं, एका म्हाताऱ्याच्या गोठ्याचं छप्पर उकलायला लावलं. एक बिनछापाचा खुंट सापडला नाही. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी साहेबांना म्हटलं, "भलताच हुशार दिसतो." आणि दोरी टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली.

विसाव्या दिवसानंतर तो सकाळीच हजर झाला. हातोडा घेतला. मग दाराच्या चौकटीशी उभा राहिला.

"बाबू, माही दोरी तुमच्याजवळ हाये म्हनते."

मी खण उघडला, दोरी वर धरली. "हे कशाचे नग आहेत? खरं बोल."

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. त्यानं हात पुढे केला, आणि का कोण जाणे, मी ती दिली. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला. तिथून म्हणाला, "वीसच कापल्या ना जी?"

"वीस," मी म्हटलं.

त्यानं दोरीचं टोक नखानं धरलं आणि एक गाठ सोडली. मग दुसरी. पळसाची मुळी वाळली की गाठ सहज सुटत नाही. तो दातांनी ढिली करायचा, बोटांनी सरळ करायचा, मग पुढची घ्यायचा. मी खुर्चीवरून बघत होतो. सात-आठ गाठी सुटल्या असतील तेव्हा मला एक शंका आली. मी रजिस्टर ओढलं, त्याचं पान काढलं. एकशेचौदा. माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत. आठ दिवस मी रानोमाळ फिरलो, आणि तो आकडा माझ्या टेबलावर होता.

मी उठून बाहेर गेलो आणि त्याच्याजवळ पायरीवर बसलो. बाबूनं नाकेदाराशेजारी असं बसायची पद्धत नव्हती. "हे रजेचं आहे?" मी विचारलं.

"तं काय जी. तुमी सांगत गेले, मी बांधत गेलो."

मग त्यानं सांगितलं. मी विचारलं नसतं तर तेव्हाही सांगितलं नसतं. त्याच्या बापाजवळ लग्नात द्यायला काही नव्हतं. त्यांच्यात अशा वेळी मुलगा सासऱ्याच्या घरी राहून शेतात राबतो, ठरलेले हंगाम पुरे करतो, आणि मग बायकोला घेऊन आपल्या घरी येतो. याचे तीन हंगाम ठरले होते. रोवणीपासून धान घरात येईपर्यंत एक हंगाम. दोन झाले आणि सरकारी नोकरी लागली. सासरा म्हणाला, जा, नोकरी कर, पण तिसरा हंगाम झाल्याशिवाय लेक पाठवणार नाही. मधे तुकडे चालणार नाहीत. रोवणीला आला तर धान घरात पडल्यावरच जायचं. सासरचं गाव नदीपलीकडे दोन दिवसांच्या वाटेवर. बायको तिथेच होती, मुलगीही तिथेच जन्मली, आता पाचेक वर्षांची. हा पोळ्या-दिवाळीच्या सुट्टीला जाऊन तोंड पाहून यायचा.

"आखाडात एकशेवीस भरत होत्या जी," तो म्हणाला. "आता नाई भरत. चार महिने पायजे."

"अरे मग आधी काऊन नाई सांगितलं?"

"कसा सांगू जी? चपराशी हासते. सरकारी मानूस सासऱ्याचा नांगर हाकते म्हनते. आन रजेत दुसऱ्याचं काम केलं तं सरकार रजा देत नाई, असं आयकलं होतं. तुमीच म्हनले असते, नाई देत."

म्हटलं असतं. अगदी हेच म्हटलं असतं. मी कलम काढून दाखवलं असतं.

त्या दिवशी मी वीस दिवस परत करण्याचा मसुदा लिहिला. त्यात लिहावं लागत होतं की ही रजा त्यानं मागितली नव्हती, ती माझ्या संशयावरून दिली गेली, आणि तो संशय खोटा निघाला. दोन ओळी होत्या. साहेबांपुढे ठेवायच्या होत्या. साहेब म्हणाले असते, बाबू, तुमच्या सांगण्यावरून मी तोंडघशी पडलो. वर गेल्या असत्या तर माझी बदली झाली असती. मी कागद आज ठेवतो, उद्या ठेवतो असं करत राहिलो. पावसाळ्याआधीच्या डाकेचा गोंधळ सुरू झाला. तो कागद मी फाडला नाही, पाठवलाही नाही. भित्रेपणाच तो, दुसरं नाव नको.

आखाडात त्यानं शंभर दिवसांचा अर्ज टाकला. चौऱ्याण्णव आणि मधल्या दोन महिन्यांचे सहा, जमले होते तेवढे सगळे. कारण या जागी लिहिलं होतं, घरकाम. जाताना त्यानं विचारलं, "वरचे वीस दिवस बिनपगारी भेटन ना जी?" मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "बघू." मी त्याला सांगितलं, "बघतो म्हणाले." तो खूश होऊन गेला. 'बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

शंभर दिवस संपले तेव्हा दिवाळी जवळ आली होती. धान पिवळं पडत होतं, कापणी तोंडावर. आणि नेमकं तेव्हाच जंगलात कूपांची तोड सुरू व्हायची, जे जंगल त्या वर्षी तोडायला दिलंय त्यावर एकेका झाडाला छाप मारायची वेळ. साहेब संतापले. "नाकेदार कुठाय? बदलीवाल्याची मुदत संपली, आता हातोडा कोण मारणार, मी?" बिनपगारी रजेचा विषय मी काढला तर म्हणाले, "गैरहजर लिहा."

मी चार दिवस लिहिलं नाही. पाचव्या दिवशी साहेबांनी रजिस्टर मागवलं, तेव्हा लिहिलं. गैरहजर. विनापरवाना. चांद्याला अहवाल गेला, तोही माझ्याच अक्षरात. नाकेदार अजून कायम झाला नव्हता, कच्च्या नोकरीतल्या माणसाला काढायला वेळ लागत नाही. पंधराव्या दिवशी हुकूम आला. खोकणारा बदलीवाला त्या चौकीत राहायला गेला, बायकोमुलं घेऊन.

एकविसाव्या दिवशी तो आला. दुपार होती. मी खिडकीतून पाहिलं. पुढे तो, धुतलेली खाकी घालून, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. मागे त्याची बायको, डोक्यावर गाडगी. तिच्या लुगड्याला धरून एक बारकी पोरगी, वाटेच्या धुळीनं पार माखलेली. पहिल्यांदाच एवढ्या लांब आली असणार, सगळीकडे टुकूटुकू बघत होती.

त्यानं वहाणा काढल्या, दारात आला. एवढा हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"बाबू, आनली," तो म्हणाला.

हुकूम माझ्या खणात होता, ज्या खणात ती दोरी ठेवली होती त्याच. साहेब दौऱ्यावर होते. मी विचार केला, उद्या सांगू, साहेबांना सांगू दे. मग वाटलं, आणखी किती दिवस असं करणार? मी कागद काढला आणि वाचून दाखवला. तो उभ्यानं ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "पन साहेब बघतो म्हनले होते ना जी?"

"म्हणाले होते," मी म्हटलं. "चूक माझी आहे. पहिल्यापासून माझी आहे." आणि मी त्याला तो न पाठवलेला मसुदाही दाखवला. त्याला वाचता आला असेल की नाही, कोण जाणे. त्यानं तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि परत दिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"चौकीत कोन हाये?" त्यानं विचारलं. मी सांगितलं.

बाहेर त्याची बायको गाडगी खाली ठेवून झाडाच्या सावलीत बसली होती. तिनं गोंडीतून त्याला काही विचारलं आणि हातानं इकडे, मग तिकडे दाखवलं. गोंडी मला चार शब्दांपलीकडे येत नव्हती, पण हे कळायला भाषा लागत नव्हती. आपलं घर कोणत्या बाजूला आहे, एवढंच ती विचारत होती.

त्यानं तिला काहीतरी उत्तर दिलं, थोडकंच, शांतपणे. तिनं माझ्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मग उठली, गाडगी डोक्यावर घेतली, पोरीचा हात धरला, आणि तिघं जिकडून आली होती तिकडेच चालू लागली.

तो काय बोलला तिला? खरं सांगितलं, की घर लांब आहे म्हणाला, की त्या बाबूनं घालवलं म्हणाला? आयुष्यभर मी लोकांच्या पोटातलं ओळखायचा दावा केला. या एका उत्तराबद्दलचा संशय अजून सुटलेला नाही, आणि विचारायला तो कुठे आहे, तेही मला ठाऊक नाही.